रिकाम्या खोलीची जुनी किल्ली : ब्राउझरमधल्या मेमरीच्या चुकांचा इतिहास

गेल्या सत्रात कोर्सवर्कच्या मुलांसमोर मला सेमिनार द्यायचा होता. विषय माझाच, ब्राउझरमधले मेमरी सेफ्टीचे दोष आणि त्यांवरचे उपाय. चाळीस स्लाइड्स केल्या होत्या. तिसऱ्याच स्लाइडला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ताई, सी-प्लस-प्लस एवढी धोक्याची आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तर मग ब्राउझर तिच्यातच का लिहितात? बदलून टाकायचं ना!"

मी "वेग, आणि लाखो ओळींचा जुना कोड" असं काहीतरी उत्तर देऊन पुढची स्लाइड लावली. उत्तर चूक नव्हतं, पण आळशी होतं. कारण बदलून टाकण्याचे प्रयत्न झाले आहेत, बरेच झाले आहेत, आणि त्यातला प्रत्येक प्रयत्न कुठे अडला हे पाहिलं की संशोधनाचा प्रश्न कसा निवडावा हेही बऱ्यापैकी कळतं. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक भेद पक्का करून घेऊ. मेमरीच्या चुका मुख्यतः दोन जातींच्या. पहिली जागेची चूक: दहा खणांचं कपाट दिलेलं असताना अकराव्या खणात हात घालणं. बफर ओव्हरफ्लो म्हणतात ते हेच. दुसरी वेळेची चूक. हॉस्टेलला राहिला असाल तर ही लगेच समजेल. एका मुलीने २१४ नंबरची खोली सोडली, रजिस्टरमध्ये नोंद झाली, पण एक किल्ली तिच्या मैत्रिणीकडेच राहिली. ऑफिसने ती खोली दुसऱ्या कुणाला दिली. आठ दिवसांनी मैत्रीण किल्ली लावून सरळ आत शिरते, टेबलावरची चिठ्ठी आपल्या मैत्रिणीचीच समजते आणि तिच्यात लिहिलेलं काम करून टाकते. खोली म्हणजे मेमरी, किल्ली म्हणजे पॉइंटर, आणि या चुकीला म्हणतात यूझ-आफ्टर-फ्री. आता कल्पना करा, चिठ्ठी ठेवणाऱ्याने नेमकी तीच खोली मुद्दाम पदरात पाडून घेतली आहे.

पुस्तकांत पहिल्या जातीवर पानंच्या पानं असतात. ब्राउझरचा इतिहास मात्र मला दुसऱ्या जातीचा वाटतो, आणि तो तसा का झाला हे सांगणं हाच या लेखाचा खटाटोप आहे.

जागेची चूक जुनीच

टोनी होअर यांनी १९८० च्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात एक आठवण सांगितली आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते इंग्लंडमधल्या इलियट ब्रदर्स कंपनीत अल्गोल ६० चा कंपायलर करत होते. त्या कंपायलरने तयार केलेला प्रोग्राम ॲरेचा प्रत्येक इंडेक्स चालता चालता तपासायचा. काही वर्षांनी त्यांनी ग्राहकांना विचारलं, वेग हवा असेल तर ही तपासणी बंद करायची सोय देऊ का? ग्राहकांनी एकमुखाने नको म्हटलं. चुका किती होतात याचा त्यांना रोजचा अनुभव होता. म्हणजे तपासणी कशी करायची हे माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

मग १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांच्या हातून सी भाषा आली. यंत्राच्या जवळ जाणारी, सुटसुटीत, यूनिक्स लिहायला सोयीची. तिच्यात ॲरे फंक्शनला दिला की त्याची लांबी गळून पडते, उरतो नुसता पत्ता. गंमत बघा, त्याच १९७२ साली जेम्स अँडरसन यांनी अमेरिकन हवाई दलासाठी केलेल्या संगणक सुरक्षेच्या अहवालात बफर ओव्हरफ्लोची कल्पना स्पष्ट मांडलेली आहे. भाषा आणि तिच्या दुखण्याचं निदान एकाच वयाचे!

२ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म सुटला तेव्हा हे दुखणं जगजाहीर झालं. फिंगर सेवेचा प्रोग्राम गेट्स हे फंक्शन वापरून ५१२ बाइटच्या बफरमध्ये ओळ वाचायचा, आणि ओळ किती लांब आहे हे विचारायचाच नाही. ते फंक्शन सी च्या प्रमाण व्याख्येतून काढायला २०११ साल उजाडलं. तेवीस वर्षं. एक फंक्शन काढायला.

पानाला हात फुटले

१९९३ चा मोझॅक ब्राउझर सी मध्ये लिहिलेला होता आणि त्या काळी ते अगदी साहजिक होतं. पान यायचं, वाचलं जायचं, पडद्यावर उमटायचं. त्यात जागेच्या चुका भरपूर होऊ शकत होत्या, पण पान स्वतः काही करत नव्हतं.

मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आईक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. दहा दिवसांची ही गोष्ट प्रत्येक जण भाषेच्या विचित्रपणाचं कारण म्हणून सांगतो. मला तिचं महत्त्व वेगळ्याच ठिकाणी दिसतं. त्यानंतरच्या काही वर्षांत पानातली प्रत्येक वस्तू, म्हणजे परिच्छेद, चित्र, बटण, स्क्रिप्टच्या हातात आली. तयार करा, हलवा, पुसून टाका. या वस्तू आतून सी-प्लस-प्लसच्या. जावास्क्रिप्टच्या बाजूला मेमरी आवरायला गार्बेज कलेक्टर आहे. सी-प्लस-प्लसच्या बाजूला ते काम प्रोग्रामरचं. आणि या दोन राज्यांच्या सीमेवरून किल्ल्यांची सतत देवाणघेवाण.

म्हणजे कुठली वस्तू कधी मरणार, हे ठरवण्याचा अधिकार अनोळखी माणसाने लिहिलेल्या पानाला मिळाला. सर्व्हरवरच्या साध्या प्रोग्राममध्ये हल्लेखोर फक्त डेटा पाठवतो. ब्राउझरमध्ये तो प्रोग्राम पाठवतो, आणि आपण तो चालवतो. हा फरक पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात शिरला नव्हता. शिरला तो एकाच उदाहरणाने.

ऑरोरा : पन्नास मिलिसेकंद

१२ जानेवारी २०१० ला गूगलने जाहीर केलं की चीनमधून आपल्यावर हल्ला झाला आहे, आणखी किमान वीस कंपन्या त्याच तडाख्यात आहेत, आणि हल्लेखोरांचा एक मुख्य हेतू चिनी मानवी हक्क कार्यकर्त्यांचे जीमेल उघडणं हा होता. आत शिरायला वापरलेली वाट इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये होती. दोषाचा नंबर सीव्हीई-२०१०-०२४९.

त्या हल्ल्याचा कोड लवकरच सार्वजनिक झाला. महत्त्वाचा भाग चार-सहा ओळींचा आहे, आणि मी तो आजही नव्या मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. पानात एक चित्र आहे. चित्र लोड झालं की एक इव्हेंट येतो. स्क्रिप्ट त्या इव्हेंटची एक प्रत काढून ठेवते. त्या प्रतीत "हा इव्हेंट कुणामुळे आला" याची किल्ली असते, म्हणजे चित्राच्या वस्तूचा पत्ता. मग स्क्रिप्ट चित्र ज्या डब्यात आहे तो डबा रिकामा करते. चित्राची वस्तू मेली, खोली रिकामी. पण प्रतीतली किल्ली कुणी परत घेतली नाही. पन्नास मिलिसेकंदांनी स्क्रिप्ट पुन्हा जागी होते, त्याच आकाराच्या आपल्या मजकुराने मेमरी भरते, म्हणजे ती रिकामी खोली स्वतः पटकावते. आणि मग निरागसपणे विचारते, "तो इव्हेंट कुणामुळे आला होता हो?" ब्राउझर जुनी किल्ली लावून आत जातो आणि हल्लेखोराची चिठ्ठी वाचतो.

यात कुठेही लांब ओळ नाही, अकरावा खण नाही. यातली प्रत्येक क्रिया, चित्र लोड होणं, डबा रिकामा करणं, इव्हेंटचं मूळ विचारणं, कुठल्याही सभ्य संकेतस्थळावर रोज होते. फक्त क्रम दुष्ट आहे. म्हणूनच कोड वाचून अशी चूक सापडणं इतकं कठीण. पत्ता घेणारी ओळ एका फाइलमध्ये, वस्तू मारणारी दुसरीकडे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर दिसतात.

जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी नागरिकांना काही काळ इंटरनेट एक्स्प्लोरर वापरू नका असं सांगितलं. मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या महिन्याच्या वेळापत्रकाची वाट न पाहता २१ जानेवारीला पॅच दिला.

कुलपं, आणि कुलपं उघडणारे

ऑरोराच्या आधी बचाव नव्हता असं नाही. थोडक्यात सांगते, कारण हा भाग कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. १९९८ मध्ये स्टॅकगार्ड आला: परतीच्या पत्त्याशेजारी एक राखणदार आकडा ठेवायचा, तो बदलला तर प्रोग्राम थांबवायचा. मग डेटाच्या पानांवरून कोड चालवायला मनाई. विंडोजमध्ये ही २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून आली. मग पत्ते दर वेळी बदलणं, म्हणजे दर सत्राला हॉस्टेलच्या खोल्यांचे नंबर उलटसुलट करणं.

हल्लेखोरांनी उत्तरं शोधली. नंबर माहीत नाही? मग शक्य तितक्या खोल्यांत तीच चिठ्ठी ठेवा. याला हीप स्प्रे म्हणतात आणि जावास्क्रिप्टमुळे ते एका फॉर-लूपचं काम झालं. स्वतःचा कोड चालत नाही? मग ब्राउझरच्याच कोडचे तुकडे उचलून जोडा, वर्तमानपत्रातली अक्षरं कापून निनावी पत्र चिकटवतात तसं. २००७ मध्ये होव्हाव शॅकम यांनी या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली. तो शोधनिबंध जरूर वाचा. हल्ल्याबद्दलचा निबंध इतका स्वच्छ लिहिता येतो याचं आश्चर्य वाटतं.

खरा वेगळा विचार सप्टेंबर २००८ मध्ये क्रोमने आणला. पान वाचणारं इंजिन फुटणार, हे गृहीतच धरा. त्याला वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडा, फाइल उघडायची असली तरी दारावरच्या रखवालदाराला विचारायला लावा. चूक दुरुस्त होत नाही, पण चुकीची पोच कमी होते. याचा परिणाम चार वर्षांनी दिसला: २०१२ मध्ये गूगलच्या प्वनियम स्पर्धेत पिंकी पाय या टोपणनावाच्या स्पर्धकाला क्रोम पूर्ण भेदण्यासाठी सहा वेगवेगळे दोष एकापुढे एक जोडावे लागले. त्याआधी एक पुरायचा.

पण त्या कोठडीत सुरुवातीला वेगवेगळ्या साइट्स एकत्र राहू शकत होत्या. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर जाहीर झालं. ती प्रोसेसरची खोड, आपल्या अर्थाने मेमरीची चूक नव्हे, पण एका प्रोसेसमधल्या कुठल्याही गुपिताचा भरवसा उरला नाही. त्याच वर्षी क्रोमने डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस दिली. किंमत, १० ते १३ टक्के जास्त मेमरी. हा आकडा लक्षात ठेवा.

दहा टक्क्यांची भिंत

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. पहिल्या वर्षाच्या सिनॉप्सिसमध्ये मी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं की प्रत्येक पॉइंटरसोबत त्याची हद्द आणि आयुष्य नोंदवायचं आणि प्रत्येक वापरापूर्वी तपासायचं. दोन्ही जातींच्या चुका एकदम बंद. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "किती हळू होतं?" मी एका छोट्या लायब्ररीवर करून पाहिलं होतं. अडीच पट. ते म्हणाले, "बाळ, तुझा ब्राउझर तू तरी वापरशील का?" मला राग आला. खूप आला.

घरी येऊन वाचायला घेतलं तेव्हा कळलं की माझी कल्पना माझ्या आधीच, आणि माझ्यापेक्षा फार चांगली, करून झाली होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संतोष नागरकट्टे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सॉफ्टबाउंड आणि २०१० मध्ये सेट्स प्रसिद्ध केलं. पहिलं जागेसाठी, दुसरं वेळेसाठी. दोन्ही मिळून सी च्या प्रोग्रामला पूर्ण मेमरी सेफ्टी, सरासरी ११६ टक्के जास्त वेळ घेऊन. उत्तम काम आहे. पण ब्राउझर ते घेऊन चालू शकत नव्हता.

२०१३ मध्ये "इटर्नल वॉर इन मेमरी" हा आढावा निबंध आला. अशा डझनावारी उपायांचा हिशोब मांडून लेखकांनी दाखवलं की साधारण दहा टक्क्यांहून जास्त भार टाकणारा उपाय प्रत्यक्ष वापरात फारसा रुळत नाही. तुम्ही या विषयात येणार असाल तर पहिल्या आठवड्यात हा निबंध वाचा. मी तिसऱ्या सत्रात वाचला आणि एक वर्ष घालवलं.

भार सोसणारी एक जागा मात्र आहे, ती म्हणजे चाचणी. ॲड्रेससॅनिटायझर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. सरासरी ७३ टक्के मंद, म्हणजे लोकांच्या हातात द्यायला नालायक. पण ब्राउझर बनवणाऱ्यांच्या यंत्रांवर चुकीची पानं रात्रंदिवस चारत बसायला झकास. त्या निबंधाच्या वेळीच त्याने क्रोमियममध्ये ३०० हून जास्त अज्ञात चुका पकडल्या होत्या. कल्पना साधारण तीच, तपासणीची. फक्त ती कुठे चालवायची हे त्यांनी नीट ठरवलं.

खोली लगेच देऊ नका

दरम्यान वेळेच्या चुकीवर थेट घाव घालायचा प्रयत्न मायक्रोसॉफ्टने केला. जून २०१४ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये आयसोलेटेड हीप आलं: पानातल्या महत्त्वाच्या वस्तूंसाठी वेगळी इमारत, म्हणजे हल्लेखोराच्या साध्या मजकुराला तिथे खोली मिळणारच नाही. जुलैमध्ये मेमरीप्रोटेक्ट आलं: वस्तू मेली तरी खोली लगेच रिकामी करायची नाही, थोडं थांबायचं, स्टॅकवर त्या खोलीची किल्ली दिसते का पाहायचं, नसेल तरच सोडायची.

पुढे जे झालं ते या इतिहासातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण. स्टॅकवरचा आकडा खरंच किल्ली आहे की नुसता आकडा, हे मेमरीप्रोटेक्टला कळत नाही. किल्लीसारखा दिसला की ते खोली राखून ठेवतं. झीरो डे इनिशिएटिव्हच्या संशोधकांनी, ब्रायन गोरेंक, अब्दुलअझीझ हरिरी आणि सायमन झुकरब्राउन यांनी, हेच उलटवलं. अंदाजाने एक आकडा स्टॅकवर ठेवायचा आणि खोली सुटते की अडकून राहते ते बघायचं. अडकली, तर अंदाज बरोबर! म्हणजे पत्ते लपवण्याचा एक बचाव दुसऱ्या बचावाच्या मदतीने फोडला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांना या कामासाठी १,२५,००० डॉलर दिले आणि त्यांनी ते शिक्षणसंस्थांना देऊन टाकले. दोन बचाव वेगवेगळे तपासले तर दोन्ही चांगले होते. एकत्र कुणी तपासले नव्हते.

रस्ट, आणि एक लिफ्ट

२००६ मध्ये व्हँकुव्हरमध्ये राहणारे ग्रेडन होअर घरी आले तर लिफ्ट बंद. सॉफ्टवेअर कोसळलं होतं. घर एकविसाव्या मजल्यावर. जिने चढता चढता मेमरीच्या चुकांवर वैतागलेल्या या माणसाने नवी भाषा लिहायला घेतली, अशी रस्टची जन्मकथा सांगतात. २००९ मध्ये मोझिलाने तिला पाठबळ दिलं, आणि १५ मे २०१५ ला १.० आवृत्ती आली.

आपल्या हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर रस्टमध्ये प्रत्येक खोलीचा मालक एकच. किल्ली उसनी देता येते, पण सगळ्या उसन्या किल्ल्या परत आल्याशिवाय मालकाला खोली सोडता येत नाही. हे रजिस्टर कंपायलर ठेवतो, प्रोग्राम चालण्यापूर्वी. त्यामुळे चालताना त्या हिशोबाचा भार जवळपास शून्य. दहा टक्क्यांची भिंत चढायची नाही, वळसा घालून जायचं.

मोझिलाने सर्वो नावाचं प्रायोगिक इंजिन रस्टमध्ये सुरू केलं आणि त्यातला स्टायलिंगचा भाग नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये बसवला. तो बसवण्यामागचा पहिला हेतू सुरक्षा नव्हता, वेग होता! स्टायलिंग अनेक कोअरवर एकाच वेळी चालवायचे सी-प्लस-प्लसमधले दोन प्रयत्न आधी फसले होते. रस्टमध्ये ते जमलं, कारण धाग्यांमधल्या गोंधळाला कंपायलरच आवर घालतो. २०१९ मध्ये मोझिलाच्या डायान हॉसफेल्ट यांनी मागे वळून मोजलं: त्या भागाच्या आयुष्यात ६९ सुरक्षा दोष झाले होते, त्यातले ५१ रस्टमध्ये होऊच शकले नसते. उरलेले १८ झाले असते, हेही त्यांनी लिहिलं. अशी मोजणी फार कमी लोक करतात.

ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० लोकांना कामावरून काढलं, त्यात सर्वोचा गटही गेला. मागच्या बाकावरच्या मित्रा, "बदलून टाकायचं ना" याचं एक उत्तर इथे आहे. संपूर्ण इंजिन नव्याने लिहायला माणसं लागतात, दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि तोवर पगार द्यावे लागतात.

मग जुन्या घराचं काय

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि २०२० मध्ये क्रोमियमने आपापले आकडे सांगितले, आणि दोन्हीकडे सुमारे ७० टक्के निघाले. हा आकडा आता प्रत्येक सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात असतो, माझ्याही होता. पण नीट वाचा. क्रोमियमचा आकडा २०१५ नंतरच्या, स्थिर आवृत्तीपर्यंत पोचलेल्या ९१२ गंभीर दोषांचा आहे. सगळ्या चुकांचा नाही, आणि सापडलेल्यांचाच. मला त्यातला पुढचा तुकडा जास्त महत्त्वाचा वाटतो: या ७० टक्क्यांतले निम्मे यूझ-आफ्टर-फ्री होते. ऑरोराला दहा वर्षं झाली होती.

त्यामुळे क्रोमने जुन्या घराची डागडुजी हाती घेतली. मिरॅकलपॉइंटर नावाच्या योजनेत १५,००० हून जास्त साधे पॉइंटर एका नव्या प्रकारात बदलले गेले. यात वस्तू मेली तरी तिच्या किल्ल्या शिल्लक आहेत का याची मोजदाद असते. असतील तर खोली कुणालाच द्यायची नाही आणि आत निरुपयोगी मजकूर भरून ठेवायचा. मेमरीप्रोटेक्ट किल्ल्यांचा अंदाज करायचं, हे मोजतं. २०२२ मध्ये विंडोज आणि अँड्रॉइडवर ते सुरू झालं. मेमरीचा भार विंडोजवर मुख्य प्रोसेसमध्ये ४.५ ते ६.५ टक्के. भिंतीच्या आत! २०२४ च्या सुरुवातीला गूगलने सांगितलं की जास्त अधिकार असलेल्या प्रोसेसमधल्या यूझ-आफ्टर-फ्री दोषांपैकी ५७ टक्के यामुळे निरुपद्रवी झाले. चूक राहिली, चिठ्ठी वाचली जात नाही.

फायरफॉक्सने दुसरी वाट धरली. २०२० मध्ये श्रवण नारायण आणि सहकाऱ्यांनी आरएलबॉक्स मांडलं: जी जुनी लायब्ररी पुन्हा लिहिता येत नाही तिला त्याच प्रोसेसमध्ये, पण वेबअसेंब्लीच्या मदतीने वेगळ्या पिंजऱ्यात चालवायचं, आणि तिच्याकडून आलेल्या प्रत्येक उत्तराकडे संशयाने पाहायचं. पहिली पिंजऱ्यात गेली ती ग्राफाइट, अवघड लिप्यांचे फाँट हाताळणारी लायब्ररी.

फाँट म्हटल्यावर थोडं थांबते, कारण हा आपल्या रोजच्या वाचनातला विषय आहे. पानावर "क्ष" किंवा "र्‍या" उमटतं तेव्हा फाँटमधले नियम वाचून अक्षरं जोडली जातात, मग त्यांच्या रेषा काढल्या जातात. वेब फाँट म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेली गुंतागुंतीची फाइलच. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइप लायब्ररीत फाँटमध्ये दडवलेल्या पीएनजी चित्रामुळे होणारा ओव्हरफ्लो सापडला, आणि तो आधीच प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात होता. २०२५ च्या सुरुवातीला क्रोमने लिनक्स, अँड्रॉइड आणि क्रोम-ओएसवर वेब फाँटसाठी फ्रीटाइपच्या जागी रस्टमधली स्क्रिफा आणली. अक्षरं जोडणारी हार्फबझ मात्र सी-प्लस-प्लसमधलीच. म्हणजे जोडाक्षराची जुळणी एका भाषेत आणि रेषा दुसऱ्या भाषेत. मला हे दृश्य उगाचच आवडतं.

आणि चाचणीवर फार विसंबू नये याचा पुरावा सप्टेंबर २०२३ मध्ये मिळाला. लिबवेबपी ही चित्रं उलगडणारी लायब्ररी वर्षानुवर्षं फझिंगखाली होती. तरीही तिच्या हफमन तक्त्यांच्या जागेच्या हिशोबात ओव्हरफ्लो निघाला. तो नेमका भरायला तक्ते इतके काटेकोर बेतावे लागतात की आंधळ्या यंत्राला ते जवळपास अशक्य. ॲपल आणि सिटिझन लॅबने तो कळवला. त्याच आठवड्यात सिटिझन लॅबने वॉशिंग्टनमधल्या एका नागरी संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या आयफोनवर पेगासस घुसवणारी साखळी उघड केली होती. क्रोम, फायरफॉक्स आणि कितीतरी ॲप्सना एकाच वेळी पॅच काढावा लागला. जागेची चूक संपलेली नाही. ती फक्त कोपऱ्यात गेली आहे.

जिथे रस्टही पोचत नाही

सेमिनारनंतर तो मुलगा पुन्हा भेटला. म्हणाला, "ताई, समजा सगळं रस्टमध्ये लिहिलं, वेळ-पैसा सगळा मिळाला, तर?"

तरी जावास्क्रिप्ट इंजिन उरतं. व्ही-एटसारखं इंजिन वेगासाठी चालता चालता यंत्रकोड बनवतं आणि अंदाज बांधतं: हा ॲरे इतकाच लांब असेल, ही वस्तू याच आकाराची असेल, मग तपासणी वगळू. अंदाजात तर्काची चूक झाली की बनलेला यंत्रकोड अकराव्या खणात हात घालतो. इंजिन रस्टमध्ये लिहिलं असलं तरी! रस्टचा कंपायलर इंजिनचा कोड तपासतो, इंजिनने जन्माला घातलेला कोड नाही. गूगलच्या हिशोबाने २०२१ ते २०२३ मध्ये प्रत्यक्ष हल्ल्यांत पकडलेल्या क्रोमच्या सगळ्या साखळ्या पान वाचणाऱ्या प्रोसेसमधल्या मेमरीच्या चुकीपासून सुरू झाल्या होत्या, आणि त्यातल्या ६० टक्के व्ही-एटमधल्या होत्या.

तिथला सध्याचा उपाय म्हणजे व्ही-एट सँडबॉक्स. इंजिनच्या सगळ्या वस्तू एक टेराबाइटच्या आभासी पत्त्यांच्या आवारात ठेवायच्या, आणि आवाराबाहेरचा कच्चा पत्ता आत कुठेच ठेवायचा नाही, ठेवायचा तो तक्त्यातला अनुक्रमांक. आत कितीही गोंधळ झाला तरी हात बाहेर पोचू नये. भार साधारण एक टक्का. एप्रिल २०२४ पासून तो फोडणाऱ्यांना बक्षीस मिळू लागलं.

त्या मुलाला मी ते वर्णन वाचायला दिलं. परवा तो सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा घेऊन आला. त्या आवाराची भिंत कुठे कुठे ओलांडली जाऊ शकते हे कोड न चालवता शोधायचं, अशी कल्पना आहे. मी पहिलं पान वाचलं, चांगलं होतं. मग विचारलं, "मोजलंस का? क्रोमियम बिल्ड व्हायला तुझ्या तपासणीने किती जास्त वेळ लागतो?"

त्याचा चेहरा पाहून मला ते बाहेरचे परीक्षक आठवले. त्याला लॅबच्या सर्व्हरवर खातं उघडून दिलंय. सोमवारी आकडे आणतो म्हणाला.